निधी मार्गस्थ आहे

पैसा चंचल असतो, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांना भविष्य निर्वाह निधी ठाऊक नव्हता. या निधीइतकी स्थिर, संयमी आणि एकनिष्ठ वस्तू जगात दुसरी नाही. माणूस नोकरी सोडतो, गाव सोडतो, पुढेमागे देहही सोडतो. निधी जागचा हलत नाही.

हा गुण त्याच्या अंगी आपोआप आलेला नाही. नुसते पैसे घेऊन ठेवणे कोणालाही जमते (शेजारीही घेऊन ठेवतात). पण पगारातून दरमहा नेमाने घेणे, त्यावर व्याज चढवणे, वर्षाअखेर त्याची सुबक पावती देणे, आणि एवढे करून तो माणसाला दिसत राहील पण हाती लागणार नाही अशा बेताच्या अंतरावर ठेवणे, याला शास्त्र लागते.

निधीचे प्रकार हा त्या शास्त्राचा कळस. खाजगी कंपनीचा निधी कंपनीचे विश्वस्त सांभाळतात. सरकारी निधी सरकार सांभाळते. सहकारी संस्थेचा निधी कोण सांभाळते, हे तिथे विचारायचे नसते. एकाच प्रकारातल्या एका खात्यातून दुसऱ्यात पैसे न्यायचे तर अर्ज लागतो. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात न्यायचे तर स्वभाव लागतो. माझ्या आत्याकडे तो होता, म्हणून पुढची हकिगत घडली.

आत्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात होती. काच घासून नंबरावर आणायची आणि चकचकीत करायची, हे तिचे काम. लग्नाआधी तिथे लागली आणि लग्नानंतरही तिथेच राहिली. पुढे एका सरकारी प्रशिक्षण संस्थेला हेच काम शिकवणारे कोणीतरी हवे होते, तेव्हा आत्या तिकडे शिक्षिका म्हणून गेली. काचा त्याच, हात तोच. फक्त मालक बदलला. निधी मात्र कारखान्याच्या विश्वस्तांकडेच राहिला.

तो तिथे सुखाने राहिलाही असता. पण आतोबांचे गुडघे गेले.

आतोबा आयुष्यभर पोहायला शिकवत आले. पाण्यात ते अजूनही पंचविशीचे आहेत. जिन्यात मात्र ते नव्वदीचे होत, आणि भाड्याचे घर पाण्यात नव्हते, चौथ्या मजल्यावर होते. लिफ्ट नव्हती. खाली उतरायचे म्हणजे आतोबा आदल्या दिवसापासून मनाची तयारी करत. हळूहळू तलाव सुटला, मग बाजार सुटला. मग ते खिडकीत बसून खालच्या पोरांना "कोपर वर! कोपर वर घे!" असे ओरडून शिकवू लागले. पोरे क्रिकेट खेळत असत.

पलीकडच्या गल्लीत एका दंतवैद्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायच्या होत्या. पुढे चार पावलांचे अंगण. आत्याने तिथे आतोबांना नेऊन उभे केले. आतोबांनी उंबऱ्यावरून आत-बाहेर, आत-बाहेर असे उगाचच दोन-तीनदा केले. आत्या तेव्हाच म्हणाली, "घ्यायच्याच."

दंतवैद्य म्हणाले, "थांबतो मी. पण फार नाही हां. दाढ आणि गिऱ्हाईक, दुखायच्या आत हलवलेलं बरं."

सरकारी निधीतून घरासाठी उचल मिळते. मात्र पैसे त्या निधीत असले तर. जुना निधी असली उचल देत नाही, आणि नोकरी चालू आहे तोवर हातात पैसेही देत नाही. तो फक्त दुसऱ्या निधीच्या हवाली करता येतो. म्हणजे आत्याला एवढेच करायचे होते की स्वतःचे पैसे स्वतःच्या एका नावावरून स्वतःच्याच दुसऱ्या नावावर न्यायचे.

"एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे," ती म्हणाली. "त्यात काय?"

त्यात दोन कार्यालये होती.

देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे कारखान्यात, हे काम एका चाळिशी उलटलेल्या अविवाहित कारकुनाकडे होते. त्यांचे प्रत्येक पत्र 'सविनय सादर' असे सुरू होई, म्हणून कामगार त्यांना सविनय म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांचे टेबल काचा घासण्याच्या यंत्रांच्या बरोबर वरच्या मजल्यावर असल्यामुळे सदैव थरथरे आणि अक्षर लाटांसारखे येई. घेणाऱ्या कार्यालयात, म्हणजे सरकारी निधी भवनात, एक बाई होत्या. त्यांनी खुलासा मागवल्याखेरीज आजवर एकही कागद पुढे सोडला नव्हता. त्यांना सगळे खुलासाबाई म्हणत. त्याही एकट्याच राहत. दोघेही आपापल्या कामात चोख होते आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते.

पहिलाच खुलासा आडनावाचा निघाला. कारखान्यात आत्याचे माहेरचे आडनाव होते आणि संस्थेत सासरचे. खुलासाबाईंनी चष्मा सावरून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"या दोन वेगळ्या बाया आहेत."

"अहो, दोन्ही मीच."

"असं तुम्ही म्हणता. त्या दुसऱ्या बाईंचं म्हणणं काय आहे?"

आत्याचा स्वभाव मी वर सांगितलाच आहे. पण तिला तळमजला हवा होता. तिने 'आम्ही दोघी एकच आहोत' असे प्रतिज्ञापत्र केले आणि त्यावर दोघींच्या सह्या केल्या, एक निळ्या शाईने, एक काळ्या. खुलासाबाईंनी सह्या ताडून पाहिल्या. "अक्षर फार सारखं येतंय," त्या संशयाने म्हणाल्या, पण घेतले.

मग उभय कार्यालयांचा पत्रव्यवहार सुरू झाला. नियम असा, की देणाऱ्याने रक्कम पाठवायची ती घेणाऱ्याची संमती आल्यावर, आणि घेणाऱ्याने संमती द्यायची ती देणाऱ्याच्या रकमेचा तपशील पटल्यावर. प्रत्येक पत्राची एक प्रत 'माहितीसाठी' अर्जदाराला जाई. (अर्जदाराला काही द्यायचे नसले की माहिती देतात.) प्रत आली की आत्या ती मला वाचायला लावी, कारण आयुष्यभर जगाचे चष्मे घडवलेल्या या बाईला स्वतःचा चष्मा कधी वेळेवर सापडला नाही. म्हणून ही सर्व पत्रे माझ्या डोळ्यांखालून गेलेली आहेत.

सुरुवातीची पत्रे धडधाकट होती. खुलासाबाईंनी लिहिले: 'आपल्या पत्रातील आकडे अस्पष्ट व हलते आहेत. याचा खुलासा व्हावा.'

सविनय यांनी लिहिले: 'सविनय सादर की, या कार्यालयाच्या टेबलास कंप आहे. गैरसमज नसावा.'

उत्तर आले: 'कंप यंत्राचा आहे की लिहिणाऱ्याचा, याचा स्वतंत्र खुलासा व्हावा. लिहिणाऱ्याचा असल्यास प्रकृती कशी आहे, तेही कळवावे.'

मी वाचता वाचता थांबलो. आत्या म्हणाली, "पुढे वाच."

"पुढे काही नाही. सही आहे."

"माझ्या पैशांचं?"

"नाही."

आतोबा खिडकीतून म्हणाले, "कंप यंत्राचाच असणार. पण तो ते कबूल करणार नाही बघ."

तसेच झाले. सविनय यांनी कळवले, की कंप पूर्वी यंत्राचा होता, 'तथापि आपले पत्र प्राप्त झाल्यापासून याबाबत निश्चित सांगता येत नाही.'

इथून प्रकरणाला गती आली. वाचकांनी शासकीय कामाच्या गतीबद्दल मनात काही किंतु बाळगला असेल तर तो काढून टाकावा. पूर्वी महिन्याला एक पत्र येत असे, ते आठवड्याला दोन येऊ लागले. या प्रतींची नस्ती, म्हणजे फाइल, मी पुढे विषयवार लावून पाहिली. तीत खुलासा मागणारी पत्रे शेकडा एकेचाळीस, खुलासा देणारी अडतीस, हवा, झोप, भूक आणि एकटेपणा यांविषयी वीस, आणि आत्याच्या पैशांविषयी एक. (ते एक दुसऱ्या कोणाच्या तरी नस्तीतून चुकून आले होते.)

शेवटी सविनय यांनी सुचवले, की आकड्यांचा ताळमेळ पत्राने बसणे कठीण असल्यामुळे उभय कार्यालयांनी समक्ष भेटावे. खुलासाबाईंचे कार्यालय समक्ष ताळमेळास 'तत्त्वतः अनुकूल' होते. फक्त स्थळ दोन्ही कार्यालयांपासून सारख्याच अंतरावर असावे आणि अर्जदार हजर असावी, म्हणजे लोकांना बोलायला जागा राहणार नाही.

सारख्या अंतरावर एक चहाचे दुकान होते. आत्या दर शनिवारी तिथे जाऊ लागली. दोघे समोरासमोर बसत. आत्या तिसऱ्या खुर्चीवर, पंख्याखाली. सविनय एक आकडा वाचत, खुलासाबाई तो ऐकत, पुन्हा वाचायला सांगत, ते पुन्हा वाचत. आकडे वाचून कोणी लाजू शकते हे आत्याने तिथे प्रथम पाहिले.

सगळे जुळले, एक किरकोळ फरक तेवढा राहिला. चहाच्या एका कपाची किंमत असेल नसेल.

"एवढंच ना?" आत्याने पर्स उघडली. "हे घ्या. मी भरते. मिटवा एकदाचं."

दोघांनी तिच्याकडे असे पाहिले, की जणू तिने दोघांच्या पायाखालची जमीन मागितली होती.

"असा फरक मिटवता येत नाही बाई," सविनय हळूच म्हणाले.

"फरक मिटला तर भेटायला विषय काय राहील?" खुलासाबाई बोलून गेल्या आणि चहात बघत बसल्या.

 मग आत्या बोलली. तिचा स्वभाव, म्हटले ना.

"हे बघा. मी दर शनिवारी चार मजले उतरते आणि चार मजले चढते. घरी माझा नवरा खिडकीत बसून वाळत चाललाय. तुमच्या दोघांचं काय आहे ते या दुकानातल्या कपबशा धुणाऱ्यालासुद्धा कळलंय. मग लग्न का नाही करत तुम्ही?"

सविनय यांच्या हातातला कप थरथरला. तिथे यंत्र नव्हते.

"या विषयावर," खुलासाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कोणाचंही पत्र आलेलं नाही."

"आणि पहिलं पत्र कोणी पाठवायचं," सविनय म्हणाले, "याबाबत नियम मौन आहेत."

आत्याने दुकानदाराकडून कागद मागून घेतला, तिथेच अर्ज लिहिला, खाली दोघींच्या सह्या केल्या, (सवय झाली होती) आणि सविनय यांच्या हातात ठेवला. सविनय यांनी त्यावर 'शिफारशीसह पुढे सादर' असा शेरा मारला आणि कागद टेबलावरून दोन वितींवर बसलेल्या खुलासाबाईंकडे सरकवला. त्यांनी त्यावर नस्तीतला पुढचा क्रमांक टाकला आणि तो घडी घालून पिशवीत ठेवला. म्हणाल्या, "कार्यालयीन वेळेत उत्तर देऊ."

चार-पाच दिवसांनी प्रत आली. मी वाचली. 'विषयांकित प्रकरणी या कार्यालयाची हरकत नाही.' बस्स. कोणतीही अट नाही, खुलासा नाही.

आत्याने माझ्या हातातून कागद ओढला आणि चष्म्याशिवाय वाचला. "झालं!" ती ओरडली. "अहो, झालं! हरकत नाही म्हणतेय ती!" आतोबा उठून उभे राहिले, गुडघ्यांना न विचारता. आत्याने दंतवैद्यांना निरोप पाठवला. संध्याकाळपर्यंत आतोबांनी पोहण्याच्या स्पर्धांतल्या जुन्या ढाली वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या होत्या.

रात्रीचे जेवण होईस्तोवर माझ्या लक्षात आले, की पत्रावर विषयाचा क्रमांक आत्याच्या निधीचा नाही. चहाच्या दुकानातल्या अर्जाचा आहे.

हे सांगायचे काम माझ्यावर आले. आत्या एवढेच म्हणाली, "असं होय." आतोबा ढाली परत उलगडू लागले. मग थांबले. म्हणाले, "राहू दे गुंडाळलेल्या. धूळ बसत नाही."

लग्न नोंदणी कार्यालयात साधेपणाने झाले. साक्षीदार म्हणून आत्याने सही केली, एकच. वधूने वराला नोंदणीच्या वेळी फक्त दोन खुलासे विचारले आणि दोन्ही समाधानकारक आले. रजेवर जाण्यापूर्वी सविनय यांनी आत्याच्या उपकाराची जाणीव ठेवून तिची रक्कम, संमतीची वाट न पाहता, कारखान्यातून रवाना केली. फरकासकट. खिशातून भरून.

आता पैसे निघाले होते आणि पोचायचेच काय ते राहिले होते. इथे नियम आड आला. पती आणि पत्नी यांनी एकाच प्रकरणात एकाने देणारा आणि एकाने घेणारा म्हणून राहू नये, असा नियम आहे. (तो योग्यच आहे. घरात काय होते ते पाहतो आपण.) तेव्हा खुलासाबाईंकडून नस्ती काढून एका तिसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्यात आली. हे अधिकारी नवे आणि अभ्यासू होते. त्यांनी नस्ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, जे आजवर कोणी केले नव्हते. शेवटची काही पाने वाचताना त्यांचे डोळे पाणावले, असे शिपाई सांगतो. मग त्यांनी शेरा लिहिला: 'उभय पक्ष समाधानी. अर्जदाराची अंतिम विनंती मान्य झाली आहे. प्रकरण निकाली.'

प्रकरण निकाली निघाल्यामुळे पैसे घ्यायला कोणी उरले नाही. ते देणाऱ्याकडून निघाले होते, म्हणून परत जाऊ शकत नव्हते. अशा रकमांसाठी शासनाने दूरदृष्टीने एक वेगळे खाते काढलेले आहे. त्याला 'मार्गस्थ खाते' म्हणतात. आत्याला पत्र आले: 'आपला निधी मार्गस्थ आहे.' त्याच आठवड्यात दंतवैद्यांनी खोल्या दुसऱ्याला विकल्या. वाईट वाटून त्यांनी आतोबांची एक दाढ फुकट काढून दिली.

त्या दिवशी आतोबा आत्याला म्हणाले, "असू दे गं. वर हवा चांगली येते."

आत्याला राग आला की ती बडबडते. त्या दिवशी तिने नुसती चप्पल घातली, चार मजले उतरली आणि थेट नवदांपत्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे होतोच. दार खुलासाबाईंनी उघडले. घर त्यांचेच होते, सविनय तिथे राहायला आले होते आणि कांदा चिरत होते.

"तुमचं जुळलं," आत्या म्हणाली. "मला आनंद आहे. खोटं नाही बोलत. पण माझा नवरा आता खाली उतरायचा तो एकदाच उतरेल, चौघांच्या खांद्यावर. तेवढं सांगायला आले."

खुलासाबाईंनी खुलासा मागितला नाही. त्यांनी आत्याचा हात धरून तिला खुर्चीवर बसवले आणि नवऱ्याकडे पाहिले. सविनय यांच्या डोळ्यांत पाणी होते. (कांदाही होता.)

"माझ्या दोन खोल्या आहेत," ते म्हणाले. "कारखान्याच्या मागच्या गल्लीत. रिकाम्याच पडल्यात आता. तळमजला आहे."

"विकत घ्यायला पैसे नाहीत माझ्याकडे. मार्गस्थ आहेत."

"विकत कोण म्हणतंय? आता जे भाडं भरता तेच द्या. आणि नाही दिलंत तर..." ते जरा थांबले. "तर मी पत्र लिहीन."

"आणि मी खुलासा मागवीन," बाई म्हणाल्या.

आत्या हसली, मग रडली, मग म्हणाली कांदा जाड चिरलाय.

आतोबा तळमजल्यावर राहायला गेले त्याला आता बराच काळ झाला. पाठीमागच्या यंत्रांमुळे घराच्या भिंती दिवसभर बारीक थरथरतात. आतोबा म्हणतात गुडघ्यांना शेक बसल्यासारखे वाटते. ते रोज तलावावर जातात. क्रिकेटवाल्यांपैकी दोघे पोहायला लागले आहेत.

सविनय यांनी कारखाना सोडला, कारण कारखान्यातल्या कुठल्याच माणसाच्या प्रकरणात त्यांना बायकोला पत्र लिहिता येईना. ते एका सहकारी दूध संघात लागले. म्हणजे त्यांचाही निधी खाजगीतून सहकारीत न्यायचा आला. त्यांनी अर्ज केला आहे. पहिलेच पत्र आले, त्यात विचारले आहे: पूर्वी अविवाहित असलेले सविनय आणि आताचे विवाहित सविनय ही एकच व्यक्ती कशावरून? बायको म्हणते, प्रश्न रास्त आहे.

परवा मी आत्या-आतोबांबरोबर मार्गस्थ निधीची चौकशी करायला निधी भवनात गेलो होतो. भवन आता नवे झाले आहे. दगडी फरशी, थंडगार दालने आणि ताटकळणाऱ्यांसाठी अशा मऊ खुर्च्या, की आत्याला बसल्या बसल्या डुलकी लागली. मी शिपायाला विचारले, एवढा पैसा आणला कुठून? तो म्हणाला, सरकारने एक पै दिली नाही. सगळे मार्गस्थ खात्याच्या व्याजातून. कितीतरी लोक नोकऱ्या बदलतात, पत्ते बदलतात आणि जुन्या निधीचा अर्ज उद्या करू म्हणतात, मग विसरतात.

वाचक हो, तुम्ही आत्याला हसलात. बिचारी निदान अर्ज तरी करते. तुमच्या पहिल्या नोकरीतून कापलेले पैसे आज कुठे आहेत, ते आठवते का? नाही ना? मग कधी त्या बाजूला गेलात तर भवनात जरूर या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत निवांत बसा. संकोच नको. खुर्ची तुमचीच आहे.